ऐंशी हजारांचा फोन : पैसे नक्की कशाचे?



अभ्यासाच्या पानावर दरवेळी हिशोबाची वही, बँकेचा हप्ता, बचत असले विषय असतात. या वेळी मोबाईल घेतलाय. कारण दिवाळीपासून मार्गासनी, विंझर, साखर या बाजूच्या बैठकांना गेले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरगा नवा आयफोन मागतोय. ऐंशी हजार म्हणतोय. गटातून कर्ज उचलता येईल का?" एखादीचा मुलगा सॅमसंग म्हणतो, एखादीची मुलगी वनप्लस. रक्कम मात्र साठ-सत्तर हजारांच्या खाली नसते.

कर्ज कुणाला, किती आणि कशासाठी द्यायचे हे गट ठरवतो, मी नाही. पण ठरवायला बसण्याआधी त्या किमतीत काय काय असते ते तरी कळायला हवे. म्हैस घेताना आपण दात बघतो, सड बघतो, दोन वेळचे दूध काढून बघतो. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख वाचतो. फोनच्या दुकानात मात्र पोरगा आणि दुकानदार बोलतात आणि आपण पिशवी धरून बाजूला उभ्या. म्हणून हा अभ्यास. बैठकीत एकीने मोठ्याने वाचा, आकडे आले की थांबा आणि वहीत मांडून बघा.

आधी भाव

कंपनीचा सगळ्यात वरचा, नवा फोन असतो त्याला दुकानात 'फ्लॅगशिप' म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आला. त्यातला साधा १७ भारतात ८२,९०० रुपयांना आणि १७ प्रो १,३४,९०० रुपयांना. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ जानेवारी २०२५ मध्ये ८०,९९९ ला आला, त्याचा थोरला भाऊ एस२५ अल्ट्रा १,२९,९९९ ला. वनप्लस १३ त्याच महिन्यात ६९,९९९ ला. या कंपन्यांनी बाजारात आणताना जाहीर केलेल्या किमती आहेत, सणाच्या ऑफरमध्ये खाली येतात. १८ टक्के जीएसटी यातच आला.

आता दुसरे टोक बघा. सॅमसंगचाच गॅलेक्सी ए१६ ५जी ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ ला आला. रेडमी ए४ ५जी त्याच्या पुढच्याच महिन्यात ८,४९९ पासून. बोलायला, व्हॉट्सॲपला, पैसे पाठवायला, ई-पीक पाहणीचा फोटो काढायला, मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ बघायला हे दोन्ही चालतात. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म आपण नारीशक्ती दूत ॲपवर भरले, आठवते ना? वाडीवाडीत बसून साध्या फोनवरच भरले.

८२,९०० हा आकडा तोंडाने बोलताना हलका वाटतो. फोडून बघू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे आयफोन १७ साठी २६६ दिवसांची मजुरी. तेव्हा हमी वर्षाला १०० दिवसांची होती. लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० येतात, त्यातला एक रुपयाही घरात न वापरता साठवला तर ५५ महिन्यांहून, म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त.

एवढे पैसे कशाला लागतात?

फोनच्या आत एक चिप असते, ती फोनचे इंजिन. महागड्या फोनचे इंजिन खरेच फार जोरदार असते, यात खोटे काही नाही. मोठे गेम, मोठ्या व्हिडिओची काटछाट त्यावर झटकन होते. पण व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि पैसे पाठवणे यांना तेवढा जोर लागतच नाही. परसातल्या चार वाफ्यांना ट्रॅक्टर लावल्यासारखे आहे ते. ट्रॅक्टर चांगलाच, पण वाफे चारच.

स्क्रीनचे बघा. बोटाने वर सरकवले की अक्षरे न अडखळता पळतात, त्याला १२० हर्ट्झ म्हणतात. साध्या आयफोनमध्ये हे पहिल्यांदा १७ मध्ये आले, २०२५ मध्ये, आणि त्याची जाहिरातही जोरात झाली. मघाशी सांगितलेल्या ८,४९९ च्या रेडमीत ते दहा महिने आधीपासून होते! आयफोनची स्क्रीन जास्त सुंदर, उन्हात जास्त स्पष्ट दिसते, हे मान्य. तरी 'नवीन काय आले' या जाहिरातीतले बरेचसे दुसऱ्या कुणाकडे आधीच स्वस्तात असते, हे पोरांना विचारून खात्री करा.

कॅमेऱ्याचे जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतो. मुले म्हणतात, "आई, यात अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल आहेत." रेडमी ए४ च्या खोक्यावर पन्नास लिहिलेले असते. मग आठ हजारांचा फोन ब्याऐंशी हजारांच्या फोनपेक्षा चांगले फोटो काढतो का? नाही काढत. पावसात पागोळ्यांखाली भांडी मांडतो तसे समजा. मेगापिक्सेल म्हणजे भांडी किती. एकीने पन्नास वाट्या मांडल्या, दुसरीने अठ्ठेचाळीस पातेली. पाणी कुणाकडे जास्त साठेल? फोनच्या आत उजेड पकडणारी एक चकती असते. महागड्या फोनमध्ये ती मोठी असते, म्हणून कमी उजेडात, रात्रीच्या गोंधळात, मंडपातल्या पिवळ्या दिव्याखाली त्याचा फोटो चांगला येतो. त्या फरकाचे पैसे खरे आहेत.

पण धो धो पाऊस असला तर वाट्याही भरतातच की. भरपूर उजेड असला की साध्या फोनचा फोटोही छान येतो. आपल्या इंद्रायणीचा, नाचणीच्या पापडांचा फोटो विक्रीसाठी काढायचा असेल तर सकाळी आठ-नऊच्या उजेडात, पडवीत, मागे एकरंगी साडी किंवा चादर धरून काढा. लेन्स पदराने पुसून घ्या, बरेच धुरकट फोटो तेलकट बोटांमुळे असतात. रात्री ट्यूबच्या उजेडात लाखाच्या फोनवर काढलेल्या फोटोपेक्षा हा फोटो गिऱ्हाईकाला जास्त आवडेल.

पाण्याचेही असेच. महागड्या फोनवर 'आयपी ६८' लिहिलेले असते, म्हणजे ठरावीक खोलीच्या स्वच्छ पाण्यात काही वेळ पडला तरी तग धरतो. आपल्याकडचा आषाढ बघता ही सोय कुणालाही हवीशी वाटेल. फक्त एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत: पाणी जाऊन फोन बिघडला तर ते नुकसान साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत. ए१६ ला 'आयपी ५४' आहे, म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवू नका. पंधरा रुपयांची प्लास्टिकची पिशवी आणि रबर दोघांनाही लागतेच.

बॅटरीत तर उलटेच आहे. एस२५ ची बॅटरी ४,००० एमएएचची, ए१६ ची ५,००० ची. महागड्या फोनची चिप वीज जपून वापरते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये, पण पावसाळ्यात लाईट गेली की मोठी बॅटरी बरी हे तुम्हाला मी सांगायला नको. चार्जर या तिन्ही फोनच्या खोक्यात मिळत नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. किंमत विचारताना तोही धरा.

मग राहिले एआय. फोनशी बोला, तो पत्र लिहून देईल, फोटोतला माणूस पुसून टाकेल, असे दाखवतात. ॲपलच्या आणि सॅमसंगच्या या सोयींमध्ये २०२५ संपत आले तरी मराठी नव्हती. सॅमसंगमध्ये हिंदी आहे. उलट बोललेले मराठी अक्षरात उमटवायची गूगलची सोय २०१७ पासून आहे आणि ती कुठल्याही साध्या अँड्रॉइड फोनवर चालते. कीबोर्डवरचे माईकचे चिन्ह दाबा आणि बोला. ज्यांना टाईप करायला जमत नाही त्यांनी हे आजच करून बघा. आयफोनमध्ये रेंज नसताना उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे असेही मुले सांगतात. आहे, पण भारतात ती चालू नाही. डोंगराआड गेल्यावर रेंज जाते ती टॉवरचा सिग्नल पोहोचत नसल्यामुळे. त्यात महागडा फोनही फार काही करू शकत नाही.

खरी गोष्ट वर्षांची

माझ्या मते महागड्या फोनच्या किमतीत आपल्या कामाची एकच मोठी गोष्ट असते, आणि तिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. ती म्हणजे अपडेट.

फोनमधल्या प्रोग्रॅमला भोके पडत असतात. चोर ती शोधतात, कंपनी ती बुजवते आणि बुजवलेले फोनवर पाठवते, त्याला सिक्युरिटी अपडेट म्हणतात. कौले दर वर्षी फेरतो ना, तसे. ज्या दिवशी कंपनी हे पाठवणे बंद करते त्या दिवसापासून फोन चालतो खरा, पण कौले न फेरलेल्या घरासारखा. आपले बँकेचे ॲप, ओटीपी, आधारचे फोटो सगळे त्या घरात. हळूहळू ॲपही साथ सोडतात. ५ मे २०२५ पासून आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लसवर व्हॉट्सॲप बंद झाले. त्यांच्या काळात हे फोन किती मानाचे होते! म्हणून कुणी 'जुना आयफोन आहे, सहा हजारांत घे' म्हटले तर आधी मॉडेल कोणते ते विचारा.

आता बघा, सॅमसंग एस२५ ला सात वर्षे अपडेट देणार असे कंपनीने सांगितले आहे. ॲपल असा सात वर्षांचा शब्द आधी देत नाही, पण २०१८ चा आयफोन एक्सआर २०२५ च्या नव्या आवृत्तीतून वगळला, म्हणजे त्याला सात वर्षे मिळाली असे धरू. ८२,९०० भागिले ७, म्हणजे वर्षाला साधारण ११,८४०. एस२५ ला वर्षाला ११,५७०. गॅलेक्सी ए१६ ला कंपनीने सहा वर्षे सांगितली आहेत: १८,९९९ भागिले ६, वर्षाला ३,१६६. आणि वनप्लसचा नॉर्ड सीई४, जो एप्रिल २०२४ मध्ये २४,९९९ ला आला, त्याला सिक्युरिटी अपडेट तीन वर्षे. वर्षाला ८,३३३!

हा शेवटचा आकडा परत वाचा. नॉर्ड वेगाने ए१६ च्या पुढे आहे, कॅमेरा चांगला, चार्जिंग तर फारच झटपट. पण वर्षांच्या हिशोबात तो महाग पडतो. ए१६ घेणारीने हेही समजून घ्यावे की तो हळू फोन आहे, एका वेळी चार ॲप उघडली की थबकतो, आणि मुलाला गेम खेळायचे असतील तर तो कुरकुर करणार.

एक बारीक गोष्ट आहे. ही सहा-सात वर्षे फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतला तेव्हापासून नाही. ऑक्टोबर २०२४ चा ए१६ तुम्ही एक वर्षाने घेतलात तर तुमच्या वाट्याला पाचच वर्षे राहतात. म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारायचे: हा फोन बाजारात कधी आला? आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षे? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर मुलाला कंपनीच्या साईटवर बघायला सांगा. ब्याऐंशी हजारांच्या फोनची सगळी माहिती त्याला पाठ असते, एवढे तो नक्की शोधेल.

सात वर्षे सरळ चालतील असेही धरू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांनी दमायला लागते, बदलावी लागते. आणि फोन पडला, काच फुटली, तर महागड्या फोनची कंपनीची मूळ स्क्रीन बदलायला साधा नवा फोन येईल एवढा खर्च येऊ शकतो. शेतावर, गोठ्यात, एसटीत आणि पायरीवर फोन पडतोच.

फार स्वस्तातही सावध राहा. रेडमी ए४ चेच घ्या. त्याच्यावर ५जी लिहिलेले आहे, पण तो बाजारात आला तेव्हा एअरटेलचे ५जी त्यावर चालत नव्हते, कारण एअरटेल आणि जिओ यांची ५जी चालवायची पद्धत वेगळी आहे आणि या फोनमध्ये एकच पद्धत दिली होती. एअरटेलवाल्यांना त्यावर ४जी मिळायचे. आणि ८,४९९ ला मिळायची ती जागा ६४ जीबी. सुप्रभातचे फोटो आणि नातवंडांचे व्हिडिओ यांनी ती कधी भरते ते कळतही नाही. तुमचे कार्ड कोणते, जागा किती, हे बघूनच स्वस्त फोन घ्या.

"विकला तर पैसे येतात" असे आयफोनसाठी सांगतात. त्यात तथ्य आहे, जुन्या बाजारात आयफोनला इतरांपेक्षा भाव मिळतो. पण कंपनीचाच भाव बघा: आयफोन १६ सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९०० ला आला आणि १७ येताच ६९,९०० झाला. त्याआधी आयफोन १५ चेही असेच झाले होते. म्हणजे कोरा, न वापरलेला फोनसुद्धा एका वर्षात दहा हजारांनी उतरला. मग कुणाला हा फोन हवाच असेल तर एक वर्ष थांबून घ्यायला काय हरकत? एवढे थांबणे मुलांना फार जड जाते, हे मला ठाऊक आहे. मी पण त्याच वयाची आहे.

तर एवढी किंमत वसूल कुणाची होते? ज्याचे पोट फोनवर आहे त्याची. लग्नाचे, गडांवरच्या ट्रेकचे व्हिडिओ करून पैसे मिळवणारा मुलगा असेल, आधीच्या फोनवर कमाई दाखवत असेल, तर त्याचा फोन हे अवजार झाले. त्याने मिळालेल्या कामांची यादी आणि पैशांचा हिशोब गटापुढे ठेवावा, शिलाई मशीनला कर्ज देताना आपण मागतो तसाच. 'घेतल्यावर कमवीन' याला मी कमाई धरणार नाही. बाकी घरांसाठी, माझे स्पष्ट मत, पंधरा ते वीस हजारांच्या पलीकडे फोनवर कर्ज काढायला कारण दिसत नाही.

कर्जाचा हिशोब

समजा तुमच्या गटात बारा जणी आहेत आणि महिन्याला दोनशे रुपये बचत. महिन्याचे जमतात २,४००. ऐंशी हजार जमायला तेहतीस महिन्यांहून जास्त लागतात. म्हणजे एका फोनच्या कर्जात बारा बायकांची पावणेतीन वर्षांची बचत जाऊन बसते. ते पैसे बुडत नाहीत, परत येतात, व्याजही गटालाच मिळते, हे खरे. पण जूनमध्ये बियाणे, खत, शाळेची फी आणि आवणीची मजुरी एकाच वेळी आली की बाकीच्या अकरा जणींनी कुठे जायचे? पेटी तर रिकामी.

कर्ज घेणारीचे बघू. गटाचा दर शेकडा दोन असेल, मुद्दल वीस महिन्यांत समान फेडायची आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर, तर पहिल्या महिन्याला ४,००० मुद्दल आणि १,६०० व्याज, असे ५,६०० भरावे लागतील. वीस महिन्यांत व्याज १६,८०० होते. ऐंशी हजारांचा फोन ९६,८०० ला पडला. तेच १९,००० चे कर्ज दहा महिन्यांत फेडले तर पहिला हप्ता २,२८० आणि एकूण व्याज २,०९०.

गट नाही म्हणाला की दुकानातले 'नो कॉस्ट ईएमआय' पुढे येते. व्याज नाही, म्हणतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते दुसऱ्या कुठल्या तरी रूपात लावलेलेच असते. होते काय, की रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती आपल्याला मिळत नाही, किंवा व्याजाएवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवून पुन्हा हप्त्यात घेतात. वर प्रोसेसिंग फी, आणि त्यावर जीएसटी. म्हणून दुकानात आधी विचारायचे, "रोखीने केवढ्याला देता?" मग हप्त्यांची बेरीज करायची. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचे व्याज, त्याला ते काहीही नाव देवोत.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला किंवा फायनान्स कंपनीला असे कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो आणि तो कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यायचा असतो. मराठीत मागा. फोनवर अंगठा किंवा ओटीपी देण्याआधी मागा, नंतर मागून उपयोग नाही.

हप्ता कुणाचा, फोन कुणाचा

हे लिहू की नको असा विचार केला, पण लिहिते. फोनसाठी आलेल्या कर्जाच्या अर्जांत सही ताईची असते आणि फोन मुलाच्या खिशात जातो. हप्त्याला उशीर झाला तर बैठकीत मान खाली घालते ती ताई, दंड तिच्या नावावर, पुढचे कर्ज अडते ते तिचे. आणि तिच्या स्वतःच्या हातात काय असते? मुलाने दोन फोनांपूर्वी टाकून दिलेला, काच तडकलेला, अपडेट कधीच बंद झालेला फोन. त्याच फोनवर तिचे बँक खाते, तिचे लाडकी बहीणचे पैसे, गटाच्या सचिव असेल तर गटाचे मेसेज. घरातला सगळ्यात असुरक्षित फोन आणि सगळ्यात महत्त्वाचे पैसे एकाच ठिकाणी.

ब्याऐंशी हजारांत एक फोन येतो तेवढ्यात १९ हजारांचे चार फोन येतात आणि सहा-सात हजार उरतात. चार नको, दोनच घ्या: एक मुलाला, एक आईला. उरलेल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजारांचे कर्ज काढावेच लागत नाही. हा हिशोब मुलासमोर बसून मांडा. मुले ऐकत नाहीत असे आपण म्हणतो, पण पुष्कळ घरांत त्यांना घरची वही कधी दाखवलेलीच नसते. एका ताईंनी बारावीच्या मुलाला त्यांचे गटाचे पासबुक वाचायला दिले. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच वीस हजारांच्या आतल्या तीन फोनांची नावे लिहून आणली. सगळीकडे असेच होईल असे मी म्हणत नाही. एका घरात मुलगा महिनाभर रुसला होता, अजूनही रुसलेलाच असेल.

मुलीचे वेगळे सांगते. मुलगी नसरापूरला, भोरला किंवा पुण्याला शिकायला जाते तेव्हा तिला चांगला, भरवशाचा फोन लागतो, आणि पुष्कळ घरांत तिचा नंबर शेवटी येतो. तिच्यासाठी कर्ज मागायला आलेल्या ताईला 'फोन म्हणजे चैन' असे म्हणून परत पाठवू नका.

घ्यायचाच ठरला तर

बिल कर्ज घेणारीच्या नावावर करा आणि बिलावर फोनचा आयएमईआय नंबर लिहून घ्या. पंधरा आकडी असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की दिसतो. जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी मेसेजमध्ये इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरे, मग एक मोकळी जागा आणि मग हा पंधरा आकडी नंबर लिहून १४४२२ ला पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, नंबर खरा आहे का, ते उत्तरात कळते. उलट आपलाच फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो, तेव्हा हाच नंबर आणि बिल लागते. बिल तांदळाच्या डब्यात नाही, गटाच्या पासबुकात ठेवा.

पुढच्या बैठकीसाठी

सगळ्यांनी आपापला फोन घेऊन या, चार्ज करून. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडायचे, तिथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. काही फोनमध्ये ती 'सिक्युरिटी' या नावाखाली सापडते. वहीत पाच रकाने आखा: नाव, फोनचे मॉडेल, कधी आणि केवढ्याला घेतला, अपडेटची तारीख, आणि हा फोन दिवसभर कुणाच्या हातात असतो. शेवटचा रकाना खरा भरायचा, हसायचे नाही. ज्यांची तारीख २०२३ किंवा त्याआधीची निघेल त्यांनी बैठक संपल्यावर अर्धा तास थांबा. त्या फोनवरच्या पैशांच्या ॲपचे काय करायचे आणि त्याला जोडलेल्या खात्यात किती रक्कम ठेवायची, ते एकेकीचा फोन हातात घेऊन बघू.